वायदा, सौदा आणि मधला काळ

आपल्या पेढ्यांवर रोज उच्चारले जाणारे कितीतरी शब्द समुद्रापलीकडून आले आहेत. नफा, रक्कम, दलाल, जामीन, करार, कर्ज, हवाला, वकील हे सारे मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते मराठीत उतरले आणि वहीखात्यात असे मिसळून गेले, की त्यांचे परकेपण आता कोणाला जाणवतही नाही. ‘वायदा’ हा त्यांतलाच एक. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘वअद’ या अरबी शब्दाचा अर्थ वचन. मराठीत आल्यावर मात्र या शब्दाने दोन अर्थ धारण केले. ‘त्याने पंधरा दिवसांचा वायदा केला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो दिलेला शब्द असतो. आणि ‘वायदे बाजार’ म्हणतो, तेव्हा तो पुढच्या तारखेचा पक्का सौदा असतो. एकाच शब्दात वचन आणि सौदा दोन्ही मावले, कारण आपल्या व्यवहारात त्या दोहोंत फारसे अंतर कधी मानले गेले नाही. शब्द दिला की सौदा झाला, अशीच आपल्या वाडवडिलांची रीत होती.

ज्या भाषेतून हा शब्द आला, त्या भाषेतील व्यवहारशास्त्राने मात्र या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘वअद’ म्हणजे ‘मी अमुक करीन’ असे एका बाजूने दिलेले वचन. ‘अक्द’ म्हणजे देणारा आणि घेणारा या दोघांनी पुरा केलेला करार. आजची इस्लामी बँकव्यवस्था या दोहोंमधील अंतरावर उभी आहे. दुबई, शारजा, बहारीन, कुवेत, मस्कत येथे आपल्यापैकी अनेकांची मुले, पुतणे, जावई व्यापार करतात आणि अशा बँकांशी त्यांचा संबंध येतो. माझा पुतण्या दुबईत पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा छोटा व्यवसाय करतो. त्याच्या एका खरेदीच्या निमित्ताने मला हा विषय मुळापासून समजून घ्यावा लागला. जे समजले ते व्यापारी मनाला विचार करायला लावणारे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

इस्लामी धर्मशास्त्रात व्याज निषिद्ध आहे, व्यापारातील नफा मात्र वैध आहे. त्यामुळे तेथील बँकेला पैसे उसने देऊन त्यावर वाढ घेता येत नाही. तिला स्वतःच व्यापारी व्हावे लागते. समजा, गिऱ्हाइकाला एक यंत्र हवे आहे. बँक ते यंत्र रोखीने विकत घेते, आपला नफा त्यात मिळवते आणि गिऱ्हाइकाला हप्त्यांवर विकते. खरेदीची किंमत किती आणि नफा किती, हे दोन्ही आकडे गिऱ्हाइकासमोर उघड ठेवावे लागतात. अशा विक्रीला ‘मुराबहा’ म्हणतात. किंमत एकदा ठरली की ती ठरली. पुढे हप्ता थकला म्हणून बँकेला ती आपल्या लाभासाठी वाढवता येत नाही.

आता अडचण येते ती येथे. हकीम इब्न हिझाम नावाच्या एका व्यापाऱ्याने प्रेषित मुहंमदांना विचारल्याची कथा हदीस-परंपरेत आहे. लोक माझ्याकडे येऊन माझ्याजवळ नसलेला माल मागतात; तो मी त्यांना आधी विकावा आणि मग बाजारातून आणून द्यावा का, असा त्याचा प्रश्न होता. जे तुझ्यापाशी नाही ते विकू नकोस, असे उत्तर त्याला मिळाले. हा नियम आजही बँकेला लागू आहे. यंत्र स्वतःच्या मालकीचे होईपर्यंत बँकेला ते विकण्याचा करार करता येत नाही. म्हणजे आधी खरेदी आणि मग विक्री, हा क्रम सोडता येत नाही. पण बँक काही यंत्रांचे दुकान चालवत नाही. तिने लाखो दिरहम घालून यंत्र आणले आणि गिऱ्हाईक म्हणाले, ‘आता मला नको’, तर तिने ते कोणाच्या गळ्यात बांधायचे? यावर उपाय म्हणून गिऱ्हाइकाकडून आधी वायदा लिहून घेतला जातो: ‘तुम्ही हे यंत्र घेतलेत, तर मी ते तुमच्याकडून इतक्या किमतीला विकत घेईन.’ हा करार नव्हे, एकतर्फी वचन आहे. विक्रीचा कागद यंत्र बँकेच्या मालकीचे झाल्यावरच व्हायचा.

असा वायदा पाळणे हे चांगल्या माणसाचे कर्तव्य आहे, याविषयी मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांत कधीच दुमत नव्हते. न पाळल्यास न्यायाधीशाने तो पाळायला लावावा का, हा वादाचा मुद्दा होता. बहुतेक जुन्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की वचन हे उपकाराच्या जातीचे आहे. ते नीतीने बांधते, कायद्याने बांधत नाही. इमाम शाफिई यांनी आठव्या-नवव्या शतकांच्या संधिकाळात नेमक्या अशाच व्यवहाराचा विचार केला आहे. ‘तू ही वस्तू घे, मी तुला नफा देऊन घेईन’ असे कोणी म्हटले, तर व्यवहार चालेल, पण वस्तू आल्यावर घेण्या-न घेण्याची मोकळीक दोघांनाही हवी, असे त्यांचे मत. मालिकी पंथातील एका प्रसिद्ध मताने मात्र वेगळी रेघ आखली. वचन एखाद्या कारणाशी जोडलेले असेल आणि त्यावर विसंबून समोरच्याने खर्चात पाऊल टाकले असेल, तर ते वचन बंधनकारक. त्याचे नेहमीचे उदाहरण घराचे आहे. ‘तू जुने घर पाड, नवे बांधायला मी पैसे उसने देतो’ असे एकाने म्हटले आणि दुसऱ्याने खरोखर घर पाडले. आता पहिल्याला माघार नाही. पुढे उस्मानी साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या संहितेनेही (१८६९-१८७६) अटीच्या स्वरूपात घातलेले वचन बंधनकारक मानले.

हे वाचताना मला आपल्याकडील एक जुना खटला आठवला. हावडा येथे नगरभवन बांधण्यासाठी वर्गणी गोळा होत होती. एका गृहस्थाने वर्गणीदारांच्या यादीवर शंभर रुपयांचा आकडा घातला. त्या यादीच्या भरवशावर बांधकामाचा ठेका दिला गेला, आणि मग गृहस्थांनी पैसे देण्याचे नाकारले. १८८६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तुमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने देणे अंगावर घेतले आहे, तेव्हा शंभर रुपये द्यावेच लागतील. उलट १९१४ मध्ये मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या पाचशे रुपयांचा दावा अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळला, कारण त्या शब्दावर कोणी काही कामच सुरू केलेले नव्हते. मालिकी शास्त्रज्ञ आणि भारतीय कराराचा कायदा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघे जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचले. शब्दाचे वजन तो कोणी ऐकला यावर ठरत नाही. त्या शब्दावर कोणी आपले पाऊल पुढे टाकले, यावर ते ठरते. समाजकार्यासाठी भर सभेत आकडे जाहीर करणाऱ्या आपणां सर्वांना हे समजायला जड जाऊ नये.

आधुनिक बँकेच्या संदर्भात या विचाराला वळण दिले ते जॉर्डनच्या सामी हमूद यांनी. १९७६ मधील आपल्या प्रबंधात त्यांनी ‘गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून केलेला मुराबहा’ बँकांसाठी मांडला. त्यानंतर १९७९ मध्ये दुबईत आणि १९८३ मध्ये कुवेतमध्ये भरलेल्या इस्लामी बँकांच्या परिषदांत वायदा बंधनकारक मानावा या बाजूने कौल मिळाला. मग इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील पाचव्या अधिवेशनात आपला निर्णय दिला. त्याचा आशय असा. एकतर्फी वायदा नीतीने बंधनकारक आहेच. तो एखाद्या कारणाशी जोडलेला असेल आणि त्यामुळे समोरच्याने खर्च केला असेल, तर तो न्यायालयातही बंधनकारक आहे. अशा वेळी वायदा पुरा करावा, अथवा तो मोडल्याने झालेले प्रत्यक्ष नुकसान भरून द्यावे. मात्र दोन्ही बाजूंनी एकमेकांना दिलेला वायदा मुराबह्यात चालेल तो निदान एका बाजूला मोकळीक ठेवली असेल तरच.

हे शेवटचे वाक्य मला प्रथम वाचताना विचित्र वाटले. एकाने बांधून घेतले तर चालते, मग दोघांनी बांधून घेतले तर का नाही? आपल्या नीतीत तर दोघांनी शब्द पाळणे अधिक चांगले! विचार केल्यावर त्यातील मर्म ध्यानात आले. बँक म्हणते, ‘मी विकीनच’. गिऱ्हाईक म्हणते, ‘मी घेईनच’. किंमत ठरलेली, मुदत ठरलेली, आणि दोघांनाही माघार नाही. मग विक्रीत उरले काय? नाव ‘वायदा’ असले तरी ती आजच झालेली विक्री आहे, तीही बँकेपाशी नसलेल्या मालाची. तो आपला वायदे बाजारच झाला! म्हणजे हकीमला जे करू नको म्हटले, तेच मागच्या दाराने आत आले. म्हणून एक दोर बांधायचा आणि दुसरा सैल ठेवायचा, अशी ही रचना आहे.

वायदा मोडला तर काय, याचाही हिशोब पाहण्यासारखा आहे. समजा, बँकेने माल एक लाख दिरहमला घेतला आणि गिऱ्हाइकाने तो एक लाख सहा हजारांना घेण्याचा वायदा केला होता. बाजार पडला, गिऱ्हाईक मागे हटले, आणि बँकेला तो माल दुसऱ्याला ब्याण्णव हजारांना विकावा लागला. आपल्या सवयीप्रमाणे आपण म्हणू, चौदा हजार वसूल करा. तेथील नियम म्हणतो, आठ हजार. खरेदीची किंमत आणि आलेली किंमत यांतील तूट हे प्रत्यक्ष नुकसान. सहा हजारांचा नफा अजून झालेलाच नव्हता, त्याची भरपाई मागता येत नाही. वायद्याच्या वेळी बँक काही रक्कम ठेवून घेते, तीही आपल्या इसारासारखी जप्त होत नाही. ती अनामत असते. तूट तीन हजारांची निघाली, तर तीन हजार वळते करून बाकीची रक्कम गिऱ्हाइकाला परत करावी लागते. बहारीन येथे १९९१ मध्ये स्थापन झालेल्या, इस्लामी वित्तसंस्थांसाठी हिशोब आणि लेखापरीक्षणाचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने हे नियम तपशीलवार लिहून ठेवले आहेत.

कागदावर हे सारे नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात काय होते, ते पुतण्याच्या खरेदीत पाहायला मिळाले. त्याला खोके बनवण्याचे मोठे यंत्र भारतातून मागवायचे होते. बँक ते घेऊन त्याला हप्त्यांवर विकणार होती, आणि बँकेच्या वतीने माल मागवणे, तो उतरवून तपासणे ही कामे त्यानेच मुखत्यार म्हणून करायची होती. अशी मुखत्यारी तिकडे सर्रास चालते. बँकेतील एका अधिकाऱ्याने त्याच्यासमोर तीन कागद एकदमच ठेवले: वायदा, मुखत्यारपत्र आणि विक्रीचा करार. विक्रीच्या करारावर तारीख कोरी होती. त्याने मला फोन केला.

‘‘काका, सगळेच असं करतात म्हणे. फेरी वाचते. करू का सह्या?’’

‘‘वायद्यावर आज कर, मुखत्यारपत्रावरही कर. विक्रीच्या कागदावर मात्र यंत्र येऊन तू ते डोळ्यांनी पाहीपर्यंत करू नकोस.’’

‘‘त्यांना वाटेल, मी मागे हटायची तयारी ठेवतोय.’’

‘‘मागे हटायचं असतं तर तू वायद्यावर तरी सही कशाला केली असतीस? घेण्याचं तू कबूल केलंयस. अजून जे त्यांचंही झालेलं नाही, ते तू आज घेऊ शकत नाहीस, एवढंच त्यांना सांग.’’

अधिकारी नाराज झाला. पण वरिष्ठांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांनी पुतण्याचेच म्हणणे उचलून धरले, कारण त्यांच्याच नियमावलीत तसे लिहिलेले होते. पुढे यंत्र जेबेल अली बंदरात उतरले. गोदामात पेटी उघडली तेव्हा मुख्य रुळाचा दांडा तुटलेला निघाला. मुखत्यार या नात्याने त्याने त्याच दिवशी छायाचित्रांसह बँकेला लेखी कळवले. यंत्र तेव्हा बँकेच्या मालकीचे होते. विम्याचा दावा बँकेने केला, कारखानदाराशी पत्रव्यवहार बँकेने केला. नवा दांडा येऊन यंत्र चालू व्हायला सात आठवडे लागले, आणि मग विक्रीच्या कागदावर सही झाली. पहिला हप्ता त्यानंतरचा. त्या सात आठवड्यांचे जागेचे भाडे आणि दोन कामगारांचा पगार पुतण्याला सोसावा लागला, हे खरे. पण विक्रीचा कागद आधीच झाला असता, तर न चालणाऱ्या यंत्राचे हप्ते आणि दुरुस्तीची धावपळ दोन्ही त्याच्याच माथी आले असते. आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या त्याच्या व्यवसायाला तो भार पेलवला नसता. वायदा त्याने मोडला नाही. वायदा चालणाऱ्या यंत्राचा होता, आणि चालणारे यंत्र मिळताच त्याने तो पाळला.

वायदा आणि सौदा यांच्यामधल्या काळात माल कोणाचा, हाच या साऱ्या व्यवस्थेचा प्राण आहे, हे मला तेव्हा कळले. तो काळ सात आठवड्यांचा असो की एका दिवसाचा. त्या अवधीत माल बँकेचा असतो, जळला, भिजला, मोडला तर बँकेचा जातो. तिच्या नफ्याला व्यापाराचा नफा म्हणता येते, ते या जोखमीच्या बळावर. तो काळ कागदावरच उरकून टाकला, तिन्ही सह्या एकदम घेतल्या, तर बँक पैसे देणारी आणि वाढवून घेणारी संस्था उरते. मुराबहा म्हणजे नाव बदललेले व्याज, असा आरोप खुद्द मुस्लिम अर्थतज्ज्ञांपैकीही काहींनी केला आहे. पण प्रत्येक व्यवहाराला तो सरसकट लावता येणार नाही. मधल्या काळात जोखीम खरोखर कोणी वाहिली, हे पाहूनच त्याचे उत्तर द्यावे लागेल.

मोठ्या रकमांच्या व्यवहारांतही हाच प्रश्न डोके वर काढतो. बँकेने भाड्याने दिलेली वस्तू मुदतीअखेर भाडेकरूच्या नावे करण्याचे वचन, किंवा बँक आणि गिऱ्हाईक यांनी भागीत घेतलेल्या घरातील बँकेचा हिस्सा थोडाथोडा विकत घेण्याचे वचन, हे सारे वायदेच. ‘सुकूक’ या रोख्यांत गुंतवणूकदार मालमत्तेतील किंवा व्यवसायातील हिस्सा घेतात, आणि रोखे काढणारी कंपनी मुदत संपल्यावर तो विकत घेण्याचा वायदा करते. हा वायदा आधीच ठरवलेल्या मूळ किमतीचा असेल, तर गुंतवणूकदाराला तोट्याची भीतीच उरत नाही. पाकिस्तानचे विद्वान मुहंमद तकी उस्मानी यांनी २००७ मध्ये यावर कठोर टीका केली. फेब्रुवारी २००८ मध्ये बहारीनच्या त्या मानदंडसंस्थेने स्पष्ट केले, की गुंतवणूकदारांचा भागीदार किंवा व्यवसाय चालवणारा या नात्याने उभ्या असलेल्याने मूळ किमतीला परत घेण्याचा वायदा करू नये. त्या वेळच्या बाजारभावाने अथवा त्या वेळी ठरेल त्या किमतीने घ्यावे.

याच वायद्यावर पुढे एक गाजलेला खटला उभा राहिला. शारजाच्या दाना गॅस या कंपनीने सत्तर कोटी डॉलरचे सुकूक काढले होते आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांची मुदत संपणार होती. जूनमध्ये कंपनीने जाहीर केले, की हे रोखे आपल्या देशाच्या कायद्यानुसार वैध नाहीत. पण विकत घेण्याचा वायदा इंग्लंडच्या कायद्याखाली लिहिलेला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने निर्णय दिला, की हा वायदा वैध आहे आणि पाळावा लागेल. शेवटी २०१८ मध्ये कंपनी आणि रोखेधारक यांच्यात तडजोड झाली. ज्या वायद्यावर शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप होता, तोच परक्या देशाच्या न्यायालयात सर्वांत भक्कम ठरला! वायदा कोणत्या कायद्याखाली लिहिला आहे, हेही वाचून घ्यावे, एवढा धडा व्यापाऱ्याने यातून घ्यायला हरकत नाही.

आपल्या देशात अशा बँका नाहीत. त्यासंबंधीच्या प्रस्तावावर पुढे कार्यवाही न करण्याचा निर्णय घेतल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहितीच्या अधिकाराखालील उत्तरात कळवले होते. त्यामुळे येथे राहणाऱ्यांना हे कागद पाहावे लागणार नाहीत. पण आखातात पेढी मांडलेल्या आपल्या मुलांसमोर ते येतात, आणि बहुतेक जण ते नेहमीचे कर्जाचे कागद समजून सही करून मोकळे होतात. त्यांना वडीलधाऱ्यांनी चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. वायद्याचा कागद आणि विक्रीचा कागद वेगळे आहेत ना, आणि त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत ना, ते पाहावे. कोऱ्या तारखेवर सही करू नये. मुखत्यार म्हणून माल ताब्यात घेतला, तर तो अजून बँकेचा आहे हे लक्षात ठेवून तपासणीचा अहवाल लेखी द्यावा. आणि ठेवलेली रक्कम इसार आहे की अनामत, हे विचारून घ्यावे.

शेवटी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. शब्द पाळण्याची थोरवी आपणांस लहानपणापासून शिकवलेली असते. शब्द कोणत्या क्षणी द्यावा, हे मात्र क्वचितच शिकवले जाते. घेण्याचा शब्द आधी देता येतो. घेतल्याची कबुली मात्र माल आल्यावरच द्यायची असते. या दोहोंत अंतर राखणारा माणूस शब्दाला कमी जागत नाही. आपला शब्द नेमका कशासाठी दिला आहे, हे त्याला ठाऊक असते, म्हणूनच त्याला तो शेवटपर्यंत पाळता येतो.